हॅरी पॉटर संपलं, आता पुढचं पुस्तक कुठलं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा अकरावी सायन्सला. हॅरी पॉटरची सातही पुस्तकं दोनदा वाचून झाली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणलं, ते पहिल्या खंडाच्या मध्यावर अडलं, आणि गेले तीन महिने त्यानं काही हातात धरलेलं नाही. त्याला ‘तसंच दुसरं’ हवंय. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की मलाही या प्रकारातलं काही वाचून बघायचंय, पण मी आपली ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाती’ वाचणारी.

मी सांगलीत सव्वीस वर्षं वाचनालय चालवते. सभासद साडेतीनशेच्या आसपास, त्यातले निम्मे तरी शाळा-कॉलेजातले. अद्भुत कादंबऱ्यांची दोन कपाटं मी स्वतः एकेक पुस्तक निवडून भरली आहेत, त्यामुळं हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतोच. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: ‘तसंच दुसरं’ मागणाऱ्याला खरोखर तसंच दुसरं दिलं, तर ते तिसऱ्या दिवशी परत येतं.

हे मला उशिरा कळलं. हॅरी पॉटरची लाट होती तेव्हा ते संपवून आलेल्या प्रत्येक मुलाला मी जादूची शाळा असलेलं दुसरं पुस्तक काढून द्यायचे. शाळा आहे, छड्या आहेत, दुष्ट जादूगार आहे, म्हणजे आवडणारच, असा हिशोब. पुस्तकं परत यायची आणि कोपरा दुमडलेला असायचा तिसाव्या-चाळिसाव्या पानाचा. शेवटी आठवीतल्या एका मुलीला थांबवून विचारलं, ‘बाळा, त्यातलं कुठलं पान तू पुन्हा पुन्हा उघडून वाचतेस?’ मला वाटलं, लढाई सांगेल. ती म्हणाली, ‘नाताळच्या सुट्टीत सगळे घरी जातात आणि ही दोन-चार पोरं तिथंच राहतात ना, शेकोटीजवळ बसतात, ते.’

तिला जादूपेक्षा ती ऊब हवी होती. आपलं म्हणता येईल असं एक घर हवं होतं. तिला मी डायना विन जोन्सचं ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ दिलं. १९८६ ची कादंबरी. टोप्यांच्या दुकानात राबणारी सोफी एका चेटकिणीच्या शापानं म्हातारी होते आणि चालत्या वाड्यात आसरा घेते. त्या वाड्याच्या चुलीत एक बोलका, कुरकुरणारा अग्नी राहतो, आणि दाराची मूठ फिरवली की तेच दार वेगवेगळ्या चार ठिकाणी उघडतं. त्यात शाळा नाही की छडी नाही. मुलीनं पुस्तक तीन आठवडे ठेवून घेतलं आणि परत करताना आईकडं हट्ट धरला, की हेच विकत घेऊन दे.

म्हणून मुलाला ‘तुला काय आवडलं?’ असं विचारू नका. मुलं ‘सगळंच’ म्हणतात आणि तिथं गाडी थांबते. पुस्तक संपल्यावर काय गेल्यासारखं वाटलं, ते विचारा. कुणी म्हणतं मित्र गेले, कुणाला ते जग सुटल्यासारखं वाटतं, तर कुणाला पुढं काय होणार याची रोजची हुरहुर. आमच्याकडं या तिघांची कपाटातली वाट वेगवेगळी आहे.

मुलांच्या म्हणण्यावर विसंबायला लाजू नये. टॉल्किनच्या ‘द हॉबिट’चं हस्तलिखित आलं तेव्हा प्रकाशक अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं आणि अभिप्राय लिहिल्याबद्दल एक शिलिंग दिला. त्यानं पसंती दिली आणि १९३७ मध्ये पुस्तक निघालं. पुढं तोच रेनर मोठा होऊन वडिलांच्या धंद्यात आला आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापण्यासाठी त्यानंच जोर लावला.

आता तुमच्या मुलाचं ते अडलेलं पुस्तक. माझ्याकडं ते अर्धवट परत करणारे बहुतेक एकाच जागी थांबलेले असतात: एल्रॉन्डच्या घरची ती लांबलचक सभा. तोवर काळे स्वार मागं लागलेले असतात, श्वास रोखलेला असतो, आणि अचानक सगळे बसून इतिहास सांगायला लागतात. नावांवर नावं येतात. तिथं पोरगं थकलं तर त्याचा दोष नाही. त्याला दोन गोष्टी सांगा. एक, या तीन वेगळ्या कादंबऱ्या नाहीत. टॉल्किननं ती एकच सलग कादंबरी लिहिली होती. युद्धानंतर कागद महाग, म्हणून प्रकाशकानं ती १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत काढली. त्यामुळं पहिल्या खंडाकडून शेवटाची अपेक्षा करायची नाही. दुसरं, पहिल्या वाचनात गाणी आणि वंशावळी खुशाल ओलांडाव्यात. टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. त्याच्या मनात आधी भाषा तयार झाल्या आणि त्या बोलणारी माणसं हवीत म्हणून गोष्ट आली, असं तो स्वतःच सांगायचा. त्या गाण्यांची गोडी दुसऱ्या वाचनाला लागते.

पण माझं ऐकाल तर ते तूर्त बाजूला ठेवा आणि ‘द हॉबिट’पासून सुरुवात करा. मराठीत मीना किणीकरांनी केलेला अनुवाद आहे, आणि मोठ्या कादंबरीचाही मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं केलेला अनुवाद आहे. ‘हॉबिट’ मोठ्यानं वाचायचं पुस्तक आहे. टॉल्किननं ते मुळात आपल्या मुलांना सांगितलेलं. अकरावीतला मुलगा आईजवळ बसून ऐकणार नाही हे मलाही कळतं, पण रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही घरात मोठ्यानं वाचायला लागलात तर तो आतल्या खोलीतून कान देईल. माझ्या दोन सभासदांच्या घरी हे झालेलं आहे.

सायन्सचा मुलगा म्हटल्यावर मी आणखी एक पुस्तक पुढं करेन, ब्रँडन सँडरसनचं ‘मिस्टबॉर्न’. २००६ चं. आकाशातून सतत राख पडते, हजार वर्षं एकच राजा गादीवर आहे, आणि चोरांची एक टोळी त्यालाच लुटायचं ठरवते. यातली जादू मंत्राची नाही. धातूचा कीस गिळायचा आणि पोटात तो ‘जाळायचा’. पोलाद जाळलं तर समोरचा धातू ढकलता येतो, लोखंड जाळलं तर ओढता येतो. आता गंमत बघा. हवेत नाणं फेकून त्याच्यावर जोर लावला तर नाणं गोळीसारखं सुटतं. पण तेच नाणं जमिनीवर टेकलेलं असेल, तर नाणं हलत नाही, माणूसच वर फेकला जातो. न्यूटनचा तिसरा नियम अकरावीच्या पुस्तकात आहेच. एक सभासद मुलगा वहीच्या मागच्या पानावर बाणांच्या आकृत्या काढून मला समजावून गेला, की छपरावरून छपरावर जाताना नायिका कुठल्या खिळ्यावर केवढा जोर लावते. जादूला नियम असले की डोकं चालवणाऱ्या मुलांना फार सुख होतं. त्रयी २००८ ला पूर्ण झाली आहे आणि इंग्रजी सोपं आहे. पहिला खंड आपल्यापुरता पूर्णही होतो, त्यामुळं तो वाचून थांबलं तरी चालतं.

आणि एक पुस्तक तुम्हा दोघांसाठी. माझ्या कपाटातलं माझं सगळ्यात लाडकं. अर्सुला ली ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८. जादूगार म्हटलं की पांढऱ्या दाढीचा म्हातारा डोळ्यांसमोर येतो. ली ग्विनला प्रश्न पडला, की हे म्हातारे कधीतरी पोरगे असतीलच ना, मग तेव्हा शिकले कुठं? त्यातून जादूची शाळा आली, हॉगवर्ट्सच्या कितीतरी आधी. नायक गेड हा एका बेटावरचा, शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या रंगाचा पोरगा. हा रंग लेखिकेनं जाणून दिला होता, आणि कितीतरी मुखपृष्ठांवर गेडला गोरा रंगवला जायचा तेव्हा ती त्यावर उघडपणे नाराज असायची. गर्वापायी गेड एक सावली या जगात ओढून आणतो आणि मग सगळं पुस्तक तो आणि ती सावली यांचं आहे. राजाविरुद्ध लढाई नाही, सैन्य नाही. दोनशेच्या आसपास पानं.

त्यातलं एक पान मी प्रत्येकाला दाखवते. मुलगा तेरा वर्षांचा होतो. थंडगार पाण्यातून तो नदी ओलांडतो, आणि पलीकडच्या काठावर गुरू त्याचा दंड धरून त्याच्या कानात त्याचं खरं नाव हळूच सांगतो. हे वाचताना आपल्याकडचं बारसं आठवल्याशिवाय राहत नाही. पाळण्याशी वाकून आत्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते, आणि मगच ते सगळ्यांना कळतं. अर्थसीत ते खरं नाव कुणालाही सांगायचं नसतं, कारण नाव कळलं की माणूस हाती लागला. आपल्या नावाचा असा विचार मी त्या पुस्तकाआधी कधी केलेला नव्हता.

याचाच दुसरा भाग तुमच्यासाठी, ताई. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’, १९७१. टेनार नावाची पाच वर्षांची मुलगी देवळाची पुजारीण म्हणून घरातून नेली जाते आणि विधी करून तिचं नाव काढून घेतलं जातं. पुढं ती अंधाऱ्या भुयारांची मालकीण होते, आणि स्वतःचं नावच विसरते. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. फोटोही आहे, मी हसते आहे. अटुआन वाचून झाल्यावर तो फोटो मी काढून कितीतरी वेळ बघत बसले. पहिला भाग मुलानं वाचावा, दुसरा तुम्ही, आणि मग अदलाबदल करा. दोन्ही भाग स्वतंत्रपणे कळतात.

मालिकांबद्दल सावध करते, कारण इथं पालकांचे पैसे आणि मुलांचा उत्साह दोन्ही वाया जातात. आमच्याकडं प्रत्येक मालिकेच्या पहिल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर मी पेन्सिलनं ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ लिहून ठेवते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्या मालिकेचा पहिला भाग आहे, तिचा पाचवा भाग २०११ ला आला, सहाव्याची वाचक अजून वाट बघताहेत. शिवाय त्यातला हिंसाचार आणि शरीरसंबंधांचं वर्णन मोठ्यांसाठीचं आहे, अकरावीतल्या मुलाला मी ते आपणहून देत नाही. पॅट्रिक रॉथफसचं ‘द नेम ऑफ द विंड’ वाचताना भान हरपतं, पण तिथंही दुसरा भाग २०११ चा आणि तिसरा नाही. ‘व्हील ऑफ टाइम’ चौदा खंडांची, पूर्ण आहे. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून सँडरसननं लिहिले. दहावी-बारावीच्या वर्षात चौदा खंड सुरू करू देऊ नका, सुट्टीत द्या. टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या ४१ कादंबऱ्या आहेत, पण क्रमानं वाचायची गरज नाही. ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून सुरू करायला सांगा.

रस्त्यावरच्या स्वस्त प्रती घेताना सुरुवातीचा नकाशा आणि शेवटची पंधरा-वीस पानं बघून घ्या. चोरून छापलेल्या प्रतीत नकाशा काळा ठिक्कर असतो आणि मधला एखादा फर्माच, म्हणजे पानांचा एक अख्खा गठ्ठाच, गायब असतो. अशा पुस्तकांत नकाशा शोभेचा नसतो, दर दहा पानांनी तो उघडावा लागतो. नावांसाठी मी प्रत्येक जाड पुस्तकासोबत एक कोरं कार्ड देते. पहिल्या शंभर पानांत जो भेटेल त्याचं नाव आणि एक शब्द, ‘गेड – शेळ्या’ असं लिहीत जायचं. तेवढ्यानं अर्धे लोक पुस्तक सोडत नाहीत.

आता तुमचं. ‘मी आपली ययातीवाली’ असं तुम्ही लिहिलंत, जणू अद्भुत वाचायचा अधिकार नाही. ताई, मेलेल्यांना उठवणारी संजीवनी विद्या, शापानं क्षणात येणारं म्हातारपण, बापानं मुलाकडं मागितलेलं तारुण्य, हे सगळं तुम्ही वाचलंच आहे. आणि ते लिहिणारे खांडेकर आपल्याच सांगलीत १८९८ ला जन्मलेले. त्याच्याही आधी १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. मराठी रंगभूमीची सुरुवातच देव आणि राक्षसांनी झाली. कादंबरीतही तेच आहे. रिसबुडांची ‘मंजुघोषा’, नाथमाधवांचा ‘वीरधवल’, सगळी अद्भुताची घराणी. पुढं वास्तववादाचा जोर झाला आणि हे सगळं पोरांचं, असा समज होऊन बसला. मला तो कधीच पटला नाही. नवरसांत अद्भुत आहे आणि त्याचा स्थायीभाव विस्मय आहे. विस्मयाला वयाची अट कुणी घातलेली नाही.

मराठीत वाचायचं असेल तर जी. ए. कुलकर्ण्यांचं ‘रमलखुणा’ घ्या, १९७५ चं. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा आहेत. देश कुठला, काळ कुठला, काही सांगितलेलं नाही. जी. एं.ची भाषा जड आहे, रोज पाच-सात पानांच्या वर जाऊ नये. ‘मृत्युंजय’ची भाषा आवडणाऱ्या वाचकाला हे झेपतं. अमीशचं ‘मेलुहाचे मृत्युंजय’ लोक पौराणिक म्हणून हमखास सुचवतात. गोष्ट वेगवान आहे, प्रवासात छान वाचून होतं, पण सावंतांच्या शैलीची अपेक्षा ठेवलीत तर हिरमोड होईल, म्हणून तुमच्यासाठी ते मी मागं ठेवेन.

इंग्रजी चालत असेल आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची ओढ असेल तर गाय गॅव्हरियल केचं ‘तिगाना’, १९९०. लढाईत मुलगा मारला गेला म्हणून एक जादूगार राजा त्या प्रांताचं नावच जगातून पुसून टाकतो. तिथं जन्मलेल्यांखेरीज कुणाला ते नाव ऐकूच येत नाही, समोर ओरडून सांगितलं तरी. ते परत मिळवायला निघालेली माणसं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या फिरत्या मंडळीत लपलेली. स्वराज्याच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी माणसाच्या हे आत जाऊन लागतं.

पण सुरुवातीला मी तुम्हाला यातलं काहीच देणार नाही. सुझना क्लार्कचं ‘पिरानेसी’ देणार आहे. २०२० चं आहे, २०२१ ला त्याला इंग्लंडचं विमेन्स प्राइझ मिळालं. अडीचशेच्या आसपास पानं, रोजनिशीची छोटी छोटी टिपणं. एक माणूस न संपणाऱ्या वाड्यात राहतो. दालनांमागून दालनं, सगळीकडं पुतळे, खालच्या मजल्यांत समुद्र. भरती कुठल्या दालनात कधी चढेल, त्याचा तक्ता तो मांडून ठेवतो. आणि वर्षांना आकडे न देता नावं देतो, जसं ‘नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बाट्रॉस पक्षी आला ते वर्ष’.

हे पुस्तक सांगलीत वेगळं वाचलं जातं. पावसाळ्यात आपण एकमेकांना ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, हेच विचारतो ना? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं पोरासोरांना पाठ. आणि आमच्या आजीच्या तोंडी सन नसायचा, कोयनेच्या भूकंपाचं साल, बहात्तरचा दुष्काळ असंच असायचं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं आणि माझी खालची सगळी कपाटं गेली. अद्भुताचं एक कपाट त्यातच होतं. चार दिवसांनी आत शिरले तर गुळगुळीत कागदाची पुस्तकं विटेसारखी घट्ट झाली होती, साध्या कागदाची फुगून उघडली होती, आणि प्रत्येक पानाच्या कडेला गाळाची एक सरळ रेघ. त्या रेघेवरून कुठलं पुस्तक कुठल्या खणात होतं ते ओळखता येत होतं. पुढच्या वर्षी नवी खरेदी सुरू केली तेव्हा हातात आलेल्या पहिल्या पुस्तकांत ‘पिरानेसी’ होतं. ते मी पायऱ्यांवर बसून वाचलं. पाणी चढणार हे माहीत असूनही त्या घरावर जीव लावणारा माणूस मला त्यात भेटला. गावभागातल्या एका काकूंनी ते वाचून परत करताना सांगितलं, ‘हे आमच्या वाड्याचंच आहे गं.’

तर असं करा. शनिवारी संध्याकाळी मुलाला सोबत घेऊन या, सहा ते आठ मी काउंटरवर असते. ‘पिरानेसी’ आणि ‘मिस्टबॉर्न’ तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवलीत. अर्थसीचा पहिला भाग सध्या बाहेर आहे, मंगळवारपर्यंत येईल. आणि त्याचं ते अर्धवट राहिलेलं जाडजूड पुस्तकही घेऊन यायला सांगा, कुठल्या पानावर थांबलाय ते मला बघायचंय.